पडवींतील लेथ आणि तीन फेजची मोटर

वळ येथील आमच्या घराच्या मागील पडवींत एक साडेचार फुटी लेथ आहे. घरांतील लहानथोर ज्यांना तात्या म्हणतात, त्या आमच्या थोरल्या काकांचें तें यंत्र. तात्यांनीं ठाण्याच्या वागळे इस्टेटींतील एका कारखान्यांत सारी हयात कातकामांत घालविली, आणि निवृत्त होतांना हातीं आलेल्या रकमेंतून, जेथें दुसऱ्या कोणीं चार तोळे सोनें आणलें असतें, तेथें त्यांनीं हें जुनें लोखंडी धूड आणलें. त्या दिवशीं आमच्या घरांत जी चर्चा झाली तिचा वृत्तांत येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. पुढें विहिरीच्या पंपाचा बुश, काकूंच्या शिवणयंत्राचें चाक, देवघरांतील समईचे झिजलेले आटे अशीं कामें त्यावर होऊं लागलीं आणि मंडळींचा रोष हळूहळू मावळला.

गेल्या वर्षीं मात्र हें यंत्र विकून टाकावें असें प्रथम तात्याच म्हणाले. कारण निघालें तें त्यांच्या हातांचें. लेथावर जो जिन्नस कातावयाचा त्याच्या जाडीप्रमाणें व धातूप्रमाणें यंत्राची गति बदलावी लागते. साधें मऊ पोलाद हायस्पीड स्टीलच्या हत्यारानें कापतांना कडेचा वेग मिनिटास सुमारें २५ मीटर असावा असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबानें २५ मिलिमीटर जाडीची सळई मिनिटास सुमारें ३२० फेरे फिरली पाहिजे, आणि १०० मिलिमीटरची तबकडी अवघे ८०. हा बदल करण्यासाठीं आमच्या लेथास तीन पायऱ्यांची पुली आहे. दांडा ओढून पट्टा सैल करावयाचा, बोटांनीं तो एका पायरीवरून दुसरीवर चढवावयाचा, आणि पुन्हां ताणावयाचा. दिवसांतून दहा वेळां हा खटाटोप करणें सत्तरी ओलांडलेल्या व संधिवातानें धरलेल्या हातांस झेपेना. तेव्हां तात्या पट्टा असेल तेथेंच राहूं देऊन चुकीच्या गतीनेंच काम उरकूं लागले. कातलेल्या अंगावर रेघा उठत, हत्याराची धार लौकर जाई, कधीं कधीं सारें यंत्र थरथरे. चाळीस वर्षें ज्यानें केसाच्या जाडीचा हिशेब ठेवला त्यास हें कसें सोसावें? एके सायंकाळीं त्यांनीं यंत्रावर गोणपाट टाकलें आणि म्हणाले, "भंगारवाल्यास विचारा. जागा तरी मोकळी होईल."

जागेचा प्रश्न आमच्या गांवीं थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे येणाऱ्यांनीं पाहिलेंच असेल कीं, या बाजूच्या काल्हेर, पूर्णा, वळ अशा गांवीं जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां गोदामांचे पत्रे पसरले आहेत. पडवीएवढ्या जागेसही येथें भाडेकरू मिळतो. म्हणून तात्यांचें बोलणें कोणी मनावर घेण्यापूर्वींच काय तो उपाय करणें भाग होतें.

उपाय उघड होता. पट्टा न हलवितां मोटरचीच गति कमीजास्त करावयाची. पण लेथावर होती ती मोटर घरगुती एका फेजची, आणि तिची गति अशी बदलतां येत नाहीं. घरीं येणारा विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां पुढेंमागें होतो. एका फेजच्या मोटरींत त्यामुळें जें चुंबकत्व उत्पन्न होतें तें ताक घुसळणाऱ्या रवीच्या दोरीसारखें पुढेंमागें हेलकावतें, आपण होऊन एका दिशेनें फिरत नाहीं. आरंभीं फिरतें करण्यास तिला कंडेन्सर व दुसरें एक वेटोळें यांचा धक्का द्यावा लागतो. वेग आला कीं आंतील स्विच तें वेटोळें तोडून टाकतो, आणि वेग उतरला कीं पुन्हां जोडतो. अशी मोटर हळू चालवूं गेल्यास तें धक्क्याचें वेटोळें सतत जोडलेलें राहून जळून जाईल. तीन फेजच्या मोटरींत तसें नाहीं. तिच्या तीन वेटोळ्यांतील प्रवाह एकामागून एक चढतात व उतरतात, आणि तिघीजणींनीं तीन अंगांनीं बसून एकच जातें ओढावें त्याप्रमाणें चुंबकत्व मुळांतच गोल फिरूं लागतें. आंतला रोटर त्याच्यामागून निमूट जातो. त्यास ना ब्रश लागत, ना स्विच.

या फिरत्या चुंबकत्वाची कल्पना इटलींत फेरारिस यांनीं व अमेरिकेंत टेस्ला यांनीं १८८८ सालीं जगापुढें मांडली, आणि दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनीं पुढल्याच वर्षीं तीन फेजची मोटर सिद्ध केली. १८९१ सालीं लाउफेन येथील धबधब्याची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत याच पद्धतीनें पोहोंचविण्यांत आली. आपल्याकडे खोपोलीच्या विद्युतगृहांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. परंतु या गुणी मोटरींत एक खोड होती. तिची गति विजेच्या आवर्तनांशीं जखडलेली. ५० आवर्तनांवर चार ध्रुवांच्या मोटरींतील चुंबकत्व मिनिटास १५०० फेरे घेतें, सहा ध्रुवांच्या मोटरींतील १०००. आणि रोटर त्याच्या किंचित् मागें राहतो. त्यामुळें जेथें गति हवी तशी बदलावी लागे तेथें एकदिश प्रवाहाच्या मोटरी वापरीत. १९२५ सालीं बोरीबंदरहून कुर्ल्यास पहिली विजेची लोकल धांवली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढें ती पद्धति मागें पडली. २००७ पासून ज्या नव्या लोकल गाड्या आल्या त्यांच्या चाकांस तीन फेजच्या मोटरी आहेत. गाडी सुटतांना डब्याच्या तळाशीं जो चढत जाणारा सूर ऐकूं येतो तो त्यांचाच. आवर्तनेंच हवीं तितकीं निर्माण करणारें जें उपकरण गाडीस चालवितें त्याच्या धाकट्या भावंडाची आम्हांस गरज होती.

ग्रंथांत त्यास इन्व्हर्टर म्हणतात. आम्हीं लोहार चाळींत जाऊन हाच शब्द उच्चारला, तेव्हां दुकानदारानें मोठ्या अगत्यानें वीज गेल्यावर दिवे लावणारें बॅटरीचें खोकें पुढें केलें! बाजारांत विचारावयाचें तें "व्हीएफडी" किंवा नुसतें "ड्राइव्ह" म्हणून. जाडजूड शब्दकोशाएवढी ही पेटी घरची २३० व्होल्टची एका फेजची वीज घेते, तिचा सुमारें ३२५ व्होल्टचा एकदिश प्रवाह करून कंडेन्सरांत सांठविते, आणि सहा अर्धवाहक स्विचांची सेकंदास हजारों वेळां उघडझाप करून त्यांतून तीन फेजची नवी वीज घडविते. आवर्तनें ५ हवींत कीं ७५ हें एक लहानशी गुंडी फिरवून ठरवावयाचें. संधिवाताचा आंगठा ती गुंडी सहज फिरवूं शकतो. तीन फेजची वेगळी जोडणी घेण्याचें कारण उरत नाहीं. मात्र एक अश्वशक्तीचा ड्राइव्ह घरच्या विजेंतून आठ-नऊ अँपिअर ओढतो. त्यास १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंटच पाहिजे.

मोटरीचा प्रश्न भिवंडींत कोणासही पडूं नये. हें यंत्रमागांचें गांव. गेल्या कांहीं वर्षांत किती तरी मागवाल्यांनीं धंदा परवडेना म्हणून माग वजनावर विकून टाकले, आणि त्यांच्या मोटरी भंगाराच्या ढिगांत येऊन पडल्या. अशा एका ढिगांतून आम्हीं एक अश्वशक्तीची, सहा ध्रुवांची मोटर उचलली. तिच्या फटींत अजून सुताची कापशी अडकलेली होती. ती काढतांना तात्या कांहीं बोलले नाहींत; पण मोटर घरीं आणण्याच्या रिक्षाचें भाडें त्यांनींच दिलें, यावरून आम्हीं काय तें समजलों.

मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, ९४० फेरे, २.१ अँपिअर असें कोरलेलें. आणि येथेंच नवशिका फसतो. आमच्यासारखा ड्राइव्ह २३० व्होल्ट घेतो तर २३० च देतो, अधिक नाहीं. ४१५ ची मोटर त्यावर फिरेल खरी, पण मरगळल्यासारखी. उपाय असा कीं, या लहान मोटरींचीं तीन वेटोळीं बहुधा स्टार पद्धतीनें जोडलेलीं असतात. तींच डेल्टा पद्धतीनें जोडलीं कीं तीच मोटर सुमारें २४० व्होल्टची होते. ज्या मोटरींतून सहा तारा बाहेर काढलेल्या असतात तींत हें काम पांच मिनिटांचें. आमच्या मोटरींतून तीनच तारा बाहेर होत्या. उरलेलीं तीन टोकें आंत एकत्र पिळून व्हार्निशांत गाडलेलीं. तीं शोधून, सोडवून, प्रत्येकास नवी तार जोडून बाहेर आणण्याचें काम वाइंडिंगवाल्याचें. आमच्या वाइंडिंगवाल्यानें तें एका दुपारींत केलें, आणि वेटोळीं जुनीं म्हणून पुन्हां व्हार्निशांत बुडवून भट्टींत भाजून दिलीं. हा खर्च टाळूं नये. ड्राइव्हची वीज तुकड्यातुकड्यांनीं येते आणि तिचे फटके जुन्या इन्सुलेशनवर बसतात. डेल्टा केल्यावर २.१ अँपिअरचे सुमारें ३.६ होतात, तो आंकडा ड्राइव्हमध्यें भरावयाचा, म्हणजे मोटर तापण्याआधीं तो स्वतः थांबतो. ड्राइव्ह, मोटर व मजुरी मिळून आमचा खर्च बारा हजारांच्या आंत आला.

एका गैरसमजापासून मात्र वाचकांनीं सावध राहावें. गुंडी आली म्हणजे पट्टे, पायऱ्या व बॅक गिअर यांचें काम संपलें असें पुष्कळांस वाटतें, आणि आम्हांसही वाटलें होतें. ड्राइव्ह आवर्तनांबरोबर व्होल्टही उतरवितो. ५० वर २३० तर २५ वर ११५. त्यामुळें मोटरचा फिरविण्याचा जोर जवळजवळ कायम राहतो. पण जोर तोच आणि फेरे निम्मे म्हणजे शक्तिही निम्मीच. १० आवर्तनांवर एक अश्वशक्तीची मोटर पंचमांश अश्वशक्तीची होऊन बसते. याउलट पट्टा खालच्या पायरीवर घेऊन किंवा बॅक गिअर लावून गति उतरविली तर शक्ति तीच राहून जोर वाढतो. पहिल्याच दिवशीं तात्यांनीं दीडशे मिलिमीटर व्यासाची बिडाची पुली चकांत धरली आणि मोठ्या हौसेनें गुंडी अगदीं खालीं आणली. हत्यार जरा खोल बसतांच मोटर जागच्या जागीं थांबली व ड्राइव्हच्या पाटीवर अतिभाराची खूण उमटली. "बैल तोच आहे, कासरा तेवढा नवा," असें म्हणून तात्यांनीं बॅक गिअर लावला. ५० च्या वर गेल्यास प्रकार निराळा. व्होल्ट वाढत नाहींत, फेरे वाढतात, म्हणून जोर घटतो. ७५ आवर्तनांवर तो दोन-तृतीयांशावर येतो. त्यास हरकत नाहीं, कारण उंच गतीवर कामें हलकींच असतात. एवढें सांभाळल्यास लाभ मोठा आहे. मधल्या पायरीवर पट्टा ठेवून आमचें यंत्र आतां मिनिटास सुमारें ६५ पासून २६५ पर्यंत वाटेल त्या गतीनें फिरतें. तबकडीचें तोंड कातीत हत्यार मध्याकडे सरकूं लागलें कीं कडेचा वेग कमी होतो. तात्या एका हातानें गुंडी वाढवीत जातात आणि सारें तोंड एकसारखें उतरतें. थरथर सुरू झाली तर गति किंचित् बदलतांच ती बहुधा थांबते. बारीक सळईसाठीं पट्टा वरच्या पायरीवर न्यावा लागतो, तें काम पुतण्या करतो.

आतां सांगावयाचें तें आम्हांस फारसें भूषणावह नाहीं. जोडणी आम्हीं स्वतः केली. यंत्र चालू-बंद करण्यासाठीं ड्राइव्हच्या बारीक तारांवर भिंतींतल्या दिव्याचा असतो तसा एक साधा स्विच बसविला. तो उत्तम चालत होता. श्रावणांतल्या एका दुपारीं पावसाच्या झोडींत वीज गेली. यंत्र थांबलें. तात्यांनीं तुकडा सोडविण्यासाठीं चकांत किल्ली घातली, तोंच चहाची हांक आली. किल्ली चकांत तशीच राहिली. पाव तासानें वीज आली, आणि स्विच चालूच असल्यामुळें ड्राइव्हनें, कोणाचाही हात न लागतां, यंत्र फिरवावयास आरंभ केला. किल्लीची मूठ बेडवर आदळली आणि किल्ली उडून समोरच्या भिंतीवर बसली. जमिनीपासून दीड हातावर गिलाव्याचा ढलपा निघाला. त्या भिंतीशीं चटई टाकून आमचा पुतण्या रोज अभ्यास करतो. त्या वेळीं तोही चहास उठला होता.

घरांत त्यानंतर फार बोलणें झालें नाहीं, आणि तेंच अधिक जड वाटलें. वहिनींनीं चटई उचलून माजघरांत नेली. तात्यांनीं तीन दिवस पडवीचें दार उघडलें नाहीं. किल्ली चकांत सोडणें हा कारखान्यांत पहिल्या दिवशीं शिकविला जाणारा अपराध. तो आपल्या हातून घडला हें त्यांना लागलें होतें. परंतु मूळ चूक आमची होती. जुन्या मोटरीस स्टार्टर होता. वीज गेली कीं तो आपोआप सुटे, आणि वीज आल्यावर पुन्हां दाबल्याखेरीज यंत्र चालत नसे. नव्या व्यवस्थेंत त्याची अडचण म्हणून आम्हीं तो काढून टाकला, आणि तो जें काम मुकाट्यानें करीत होता तें पुढें कोणी करावयाचें याचा विचारच केला नाहीं.

चौथ्या दिवशीं आम्हीं तात्यांस बरोबर घेऊन सारी जोडणी उकलली. ड्राइव्हच्या पुस्तिकेंत तीन तारांच्या जोडणीचा नकाशा होता; आम्हीं पहिल्या खेपेस दोन तारांचा सोपा नकाशा पाहून पान उलटलें होतें. या जोडणींत हिरवें बटण दाबून सोडावयाचें, लाल दाबलें कीं थांबावयाचें, आणि मध्यें वीज गेली तर चालू राहण्याची आज्ञा पुसली जाते. शिवाय वीज येतांच आपण होऊन सुरू होऊं नये अशी एक नोंद ड्राइव्हमध्यें करतां येते, तीही केली. मग परीक्षा घेतली. यंत्र चालू असतां मुख्य स्विच बंद केला, ड्राइव्हवरील आंकडे विझेपर्यंत थांबलों, आणि पुन्हां चालू केला. यंत्र हललें नाहीं. ही परीक्षा ज्यानें घेतली नाहीं त्यानें जोडणी पुरी झाली असें समजूं नये. किल्लीस तात्यांनीं एक स्प्रिंग बसविली. आतां ती दाबून धरल्याशिवाय चकांत राहतच नाहीं, हात सुटला कीं बाहेर पडते. चकावर झांकण आलें, आणि तें वर केलें कीं ड्राइव्हची आज्ञा तुटते.

आणखी दोनचार गोष्टी. ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्यें कोणताही स्विच घालूं नये. चालत्या कामांत तो उघडला तर ड्राइव्ह जायबंदी होतो. उलट फिरविण्याची सोय आम्हीं मुद्दाम बंद ठेवली आहे, कारण आमचा चक आट्यांवर बसतो आणि उलट्या झटक्यानें तो सुटून येऊं शकतो. याच कारणास्तव थांबण्याचा काळही चार सेकंदांचा ठेवला आहे. गळती पकडणारा आरसीसीबी स्विच अधूनमधून पडूं लागला, तेव्हां अर्थिंगची तारच काढून टाका असा सल्ला आम्हांस मिळाला. तो कोणींही ऐकूं नये. ड्राइव्हमधील फिल्टर थोडा प्रवाह अर्थिंगकडे सोडतोच. मोटरकडची केबल आंखूड केल्यावर आमचा स्विच पडेनासा झाला. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक सांठा उरतो, म्हणून झांकण उघडण्यापूर्वीं दहा मिनिटें थांबावें. पेटी लोखंडाच्या किसापासून व रस्त्यावरील कंटेनर गाड्यांच्या धुळीपासून दूर, बंद कपाटांत टांगावी.

आवाजाची तक्रार वहिनींची होती. मोटरींतून डांसासारखी गुणगुण येई. स्विचांच्या उघडझापीचा वेग वाढवितांच ती बरीच कमी झाली. तात्यांच्या रेडिओवर मुंबई केंद्र लावलें असतां यंत्र सुरू होतांच खरखर होते, ती मात्र अजून गेलेली नाहीं. सध्यां बातम्यांच्या वेळीं लेथ बंद असतो.

पुतण्याची चटई दिवाळीनंतर पडवींत परत आली, पण दुसऱ्या भिंतीशीं. रविवारीं तात्या त्याला लेथावर उभा करतात. अंगांत बिनबाह्यांचा सदरा, गळ्यांत कांहीं नाहीं, डोळ्यांवर चष्मा. तो हिरव्या बटणाकडे हात नेतो तोंच प्रश्न येतो, "किल्ली कोठें?"

"खुंटीवर, आजोबा."

"हात लावून सांग."

तो चार पावलें जाऊन खुंटीवरच्या किल्लीस हात लावून येतो, आणि मग बटण दाबतो.